सुका एक्क्याण्णव, ओला सदुसष्ट

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून कमरुद्दीन अरबी मुलखातल्या देरा बंदरातल्या खोलीवर जेवायला बसला, मिठाच्या डब्यात बोटं घातली, आणि चिमटीत मीठ यायच्या ऐवजी ढेकूळ आलं. झालं ते एवढंच. समोर जहूर वाढत होता, कारण शुक्रवारी स्वैपाकाची पाळी त्याची, आणि आपल्या आमटीत मीठ कमी पडलं हा त्याला अपमान वाटायचा. "काय रे बी. एस्सी., चाखून तरी बघ आधी," तो म्हणाला. कमरुद्दीननं चाखलं नाही. तो बोटांतल्या ढेकळाकडे बघत राहिला. गेले अठरा दिवस ह्या खोलीत मीठ वाळूसारखं सुटं होतं. पापड नुसते बघून मोडत होते, चामड्याच्या चपला वाकून होडीसारख्या झाल्या होत्या, आणि जहूरच्या कुराणाच्या पुठ्ठ्याला उभी भेग गेली होती. वारा जमिनीवरचा, दक्षिणेकडून, मैलोगणती रिकाम्या वाळूवरून येणारा. दुपारी पारा एकशे सतरा अंश फॅरनहाइट. माणसं घाम पुसत नव्हती कारण घाम दिसायच्या आत उडून जायचा आणि अंगावर फक्त त्याचा खार राहायचा. आणि आज मीठ ढेकूळ होऊन बोटांना चिकटलं होतं, जणू घरी आहे. "ओला हात घातलान कुणीतरी," जहूर म्हणाला. "असंल," कमरुद्दीन म्हणाला, आणि ढेकूळ आमटीत सोडून ते विरघळताना बघत बसला. गावी आई, ताजबी, पावसाच्या तोंडावर मिठाच्या बरणीत कोळशाचा खडा टाकून ठेवायची. तरीही एखाद्या सकाळी बरणीच्या बुडाशी पाणी सुटायचंच. मग ती बापाच्या वल्ह्याशेजारी जाऊन बसायची. मिठाला पाणी सुटलं की घरातला पुरुष दर्यावर जायचा नाही, हा तिचा नियम. शाळेत कमरुद्दीननं तो नियम विज्ञानाच्या गुरुजींना सांगितला, तेव्हा वर्ग हसला होता. सगळ्यात जास्त तो स्वतःच हसला होता, म्हणून गुरुजींनी त्याला हुशार ठरवलं, आणि तिथून पुढे रत्नागिरीचं कॉलेज वगैरे सगळं झालं.

यूनुस कालपासून दर्यावर होता. गुरुवारी सकाळी दहाला हमदुल्ला नाखव्याच्या लाँचमधून तो खाडीबाहेर पडला, आणि आता, शुक्रवारी दीड वाजता, हिशेबानं तो होर्मुझचं तोंड ओलांडून आपल्या समुद्रात असायला हवा. आपल्या म्हणजे अरबी. कमरुद्दीननं हा हिशेब मनात एकदा केला आणि मग आपण तो परत परत करतोय हे त्याच्या लक्षात आलं. यूनुस त्याचा धाकटा भाऊ, बावीस वर्षांचा. फेब्रुवारीत त्यानंच त्याला पत्र घालून बोलावला होता, आणि कागदपत्रं नसल्यामुळे तोही असाच लाँचनं आला, खोर फक्कनच्या किनाऱ्यापासून शंभर वाव अलीकडे कंबरभर पाण्यात उतरवला गेला, कपड्यांचं गाठोडं डोक्यावर धरून किनाऱ्याला लागला, आणि डोंगर पायी ओलांडून पाचव्या दिवशी देरात हजर झाला तो हसत. "भाय, इथं पाऊसच पडत नाय म्हणतात, खरं का?" हा त्याचा पहिला प्रश्न. त्याला फार बरं वाटलं होतं. गावी चार महिने गळक्या कौलांखाली भांडी मांडून झोपलेल्या माणसाला न गळणारा देश म्हणजे जन्नतच. एप्रिलपर्यंत तो तेच म्हणत होता.

कमरुद्दीन ज्या तेल शोधणाऱ्या कंपनीत होता, तिचा तळ देरापासून सात मैल आत, वाळूत. तिथेच पाइपाच्या यार्डात त्यानं यूनुसला चिकटवला. स्वतः तो हवामानाच्या खोपटात. खोपट म्हणजे पत्र्याची एक खोली, एक रेडिओ, एक साहेब, आणि बाहेर चार पायांवर उभी असलेली झिलमिल्यांची पांढरी पेटी. पेटीत दोन तापमापक शेजारी शेजारी. एक सुका. दुसरा ओला, म्हणजे त्याच्या बुडाला मलमलीची चिंधी बांधलेली आणि चिंधीचं टोक खालच्या बाटलीतल्या पाण्यात सोडलेलं. हवा कोरडी असली की चिंधीतलं पाणी उडतं, चिंधी गार पडते आणि ओल्याचा पारा सुक्यापेक्षा पुष्कळ खाली राहतो. हवेतच पाणी असलं तर उडायला जागा उरत नाही आणि दोन्ही पारे एकमेकांजवळ येतात. हे तत्त्व यूनुसला समजावून सांगितल्यावर तो म्हणाला होता, "म्हणजे सुका आणि ओला. बाजारात मासळी असते तशी." कमरुद्दीनला ह्या वाक्याचा त्या वेळी राग आला होता. बी. एस्सी.ला दोन वर्षं घालवून आपण शेवटी सुकं-ओलंच विकतो आहोत हे कुणी इतक्या सरळपणे सांगायला नको होतं. आकडे मात्र त्याचे चोख. ते बघून साहेब दिवसाचा अंदाज लिहायचा, कंपनीच्या बार्जांना तो रेडिओवरून जायचा, आणि त्याची एक कार्बन प्रत कमरुद्दीन शर्टाच्या खिशात घालून देराला आणायचा. त्यावर कंपनीचा हक्क होता, पण खाडीतले कोकणी नाखवे त्या प्रतीची वाट बघायचे. निदान बघतो असं दाखवायचे.

मेच्या सातव्या तारखेला, भर दुपारी, यूनुस पाइप उतरवता उतरवता पडला. नुसता पडला, आवाज न करता. त्याला उचलून आणला तेव्हा कातडी तापलेल्या तव्यासारखी कोरडी होती आणि त्यावर घामाचा थेंब नव्हता. कंपनीच्या कंपाउंडरनं काखेत थर्मामीटर घातला आणि आकडा मोठ्यानं वाचला नाही. कमरुद्दीननं तो वाकून वाचला, कारण आकडे वाचणं हा त्याचा धंदा. एकशे सात. मग बार्जवरची बर्फाची लादी फोडून ती त्याच्या अंगावर रचली आणि दोघं पुठ्ठ्यानं वारा घालत बसले. बर्फ विरघळत होता आणि यूनुस डोळे मिटून बडबडत होता. "भाय, दार लाव. झड आत येतेय. भाय, सगळं भिजतंय, दार लाव ना." पत्र्याच्या त्या खोलीला दार होतं आणि ते लावलेलंच होतं. बाहेर एकशे सतरा. कमरुद्दीन उठला आणि लावलेलं दार त्यानं पुन्हा एकदा लावलं, त्याला ऐकू जाईल असं. यूनुस गप्प झाला. तिसऱ्या दिवशी तो उठून बसला, पण त्याची नजर जरा उशिरा पोहोचायची, आणि कंपाउंडर म्हणाला, "देखो कमर, और एक बार ऐसा हुआ तो खलास. इसको ये मुल्क से निकालो." साहेबाच्या तक्त्यानुसार उष्णता जूनमध्ये वाढायची होती. स्टीमरनं पाठवावं तर कागद नाहीत. जसा आला तसाच जायला हवा, आणि पावसाळ्याच्या तोंडावर जाणारी शेवटची लाँच हमदुल्लाची. त्या दिवसापासून कमरुद्दीनला सूर्याची भीती वाटू लागली. आकडे टिपणाऱ्या माणसाला शोभणार नाही अशी, लहान मुलाची भीती. सकाळी तो वर येताना दिसला की कमरुद्दीन त्याच्याकडे पाठ फिरवायचा. बाकी सगळ्या गोष्टींची भीती ह्या एका भीतीनं खाऊन टाकली. दर्या हा शब्द त्यातून कधी वर आलाच नाही. दर्या म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे गार.

"जेवत का नायस?" जहूर म्हणाला. "पोट ठीक नाय," असं सांगून कमरुद्दीन हात धुवायला उठला. हात धुतले आणि पुसायच्या आधी त्यांच्याकडे बघितलं. अठरा दिवस हात आपोआप वाळत होते. आज ते ओलेच राहिले.

गुरुवारची सकाळ आठवायची नाही असं त्यानं कालपासून ठरवलं होतं, म्हणजे ती सतत आठवत होती. बुधवारी रात्रपाळी म्हणून तो खोपटाबाहेर खाटेवर झोपला, आणि झोप लागली. एवढी साधी गोष्ट. अठरा दिवसांनी एकसंध, जड, लाळ गळणारी झोप. जाग आली तेव्हा अंगावरची चादर मऊ होती. एरवी ती कागदासारखी करकरायची. घामोळ्याची आग थांबली होती. वारा पूर्वेकडचा होता, डोंगरावरून येणारा, हळू, आणि त्याला वास होता. उन्हाळ्याच्या शेवटी इथल्या उथळ समुद्रावरून येते ती उकडलेल्या कापडासारखी दमट घाण त्याच्या ओळखीची होती. हा वास वेगळा. गावच्या जेट्टीवर सुकत टाकलेल्या जाळ्यांचा. तो पडल्या पडल्या हसला. असा वेडगळ आनंद त्याला कितीतरी वर्षांत झाला नव्हता. शहनाझच्या, बायकोच्या, केसांचा वास, अंगणातल्या ओल्या शेणाचा वास, काय काय आलं आणि गेलं. आणि लगेच, कुणी खांद्यावर हात ठेवावा तसा, साहेब आठवला. पहिल्या वर्षीच्या जूनमध्ये असंच एकदा कमरुद्दीन त्याला म्हणाला होता, "सर, रेन विल कम." साहेबानं तोंडातला पाइप काढून त्याच्याकडे दयेनं पाहिलं होतं. "कमर, माय फ्रेंड, धिस इज नॉट वेदर. यू आर होमसिक." पाऊस आला नाही. ते वाक्य नंतर मेसमध्ये सहा महिने फिरलं. कुणी शिंकलं तरी म्हणायचे, विचारा कमरला, होमसिक आहे का पाऊस आहे. तेव्हापासून त्यानं एक शिस्त लावून घेतली होती. अंगाला काही वाटलं, की त्यातून घर वजा करायचं. उरेल ते हवामान.

सहाला पेटी उघडली. सुका एक्क्याण्णव. ओला चौऱ्याऐंशी. त्यानं डोळे पुसून पुन्हा वाचलं. आदल्या दिवशी ह्याच वेळी ओला सहासष्ट होता, परवा सहासष्ट, तेरवा पासष्ट. वाळवंटात एका रात्रीत अठरा अंशांची उडी कोण मारतं? चिंधी सुकली असणार. चिंधी सुकली की ओला तापमापक सुकाच होतो आणि पारा वर चढतो. असं ह्या महिन्यात दोनदा झालं होतं, कारण पहारेकरी गनी बाटलीतलं पाणी पिऊन टाकायचा. तो गाळीव पाण्याला औषध समजत असे. "साहेबलोक जो पानी काँच में सम्हाल के रखता है, वो खराब थोड़ी होगा," हा त्याचा युक्तिवाद, आणि तो खोडायला अवघड होता. तर मग गनीनं पाणी प्यालं असणार, आणि हा आकडा खोटा. खोटा आकडा साहेबापुढे ठेवला तर साहेब मान वर करणार, ओठांच्या कोपऱ्यात हसणार, पुन्हा मोजायला लावणार, सगळा कागद दोन तास लांबणार, आणि दहाला लाँच. कमरुद्दीननं पेटीचं दार लावलं, खोपटात आला, आणि वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: सुका एक्क्याण्णव, ओला सदुसष्ट. चौऱ्याऐंशीतून घर वजा जाता सदुसष्ट. सहासष्ट लिहिलं असतं तर ते नक्कल वाटलं असतं. एक अंश त्यानं प्रामाणिकपणापोटी वाढवला.

साहेबानं अंदाज लिहिला. कोरडं, अतिशय उष्ण, वारा हलका, समुद्र शांत, अठ्ठेचाळीस तास बदल नाही. नऊ वाजता कमरुद्दीन खाडीवर. हमदुल्ला नाखवा लाँचच्या नाळेवर उकिडवा बसून दोर विणत होता, साठीचा, एक डोळा मोतीबिंदूनं पांढरा. त्यानं चांगल्या डोळ्यानं कमरुद्दीनला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "काय रे बी. एस्सी., झोपलास वाटतं मस्त? तोंड बघ कसं फुललंय. निकाहाला चाललायस का काय?"

"चाचा, मस्करी पुरे. हा कागद. दोन दिवस दर्या थंड."

"माझा गुडघा काय वेगळं बोलतो रे. मिरग जवळ आला. आठ दिवस थांबलो तर काय बिघडतंय?"

"आठ दिवसांत हा मरंल," कमरुद्दीन म्हणाला. यूनुस बाजूलाच उभा होता, टॉवेल डोक्याला गुंडाळून, उशिरा पोहोचणाऱ्या नजरेनं हसत. मग कमरुद्दीनचा आवाज चढला. तो काय काय बोलला हे आता, शुक्रवारी, नळाखाली हात धरून उभा असताना त्याला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. चाचा, गुडघ्यानं हवामान कळत असतं तर कंपनीनं लंडनहून काचेच्या नळ्या कशाला मागवल्या असत्या. चाचा, तुम्ही अडाणी ते अडाणीच राहिलात. आसपासच्या लाँचवरची माणसं हसली. हमदुल्ला हसला नाही आणि रागावलाही नाही. त्यानं कागद हातात घेतला, उलटा धरून बघितला, आणि यूनुसकडे दिला. "ठेव तुझ्यापाशी. तुला वाचता येतो." मग हळूच, "यल्ला, चढ."

शुक्रवारची सुट्टी असून कमरुद्दीन तीन वाजता कंपनीच्या ट्रकमध्ये मागे बसून तळावर आला. वाटेभर आकाशाकडे बघायचं नाही असं ठरवून तो मान खाली घालून बसला होता, आणि बघायची गरजही नव्हती, कारण सावली बदलली होती. अठरा दिवस सावल्या सुरीनं कापल्यासारख्या पडत होत्या. आता त्यांच्या कडा पातळ झाल्या होत्या. पेटीजवळ गनी खाटेवर पडला होता. "गनी, कल, परसों, तूने बोतल का पानी पिया?" गनीनं कानाला हात लावला. "अल्लाकसम नहीं, कमरभाई. आपने उस दिन इतनी गाली दी. बोतल तो भरी पड़ी है, देखो." बाटली भरलेली होती. आणि मग त्याला कळलं की हे त्याला माहीत होतं. गुरुवारी सकाळी दार उघडल्यावर पारा वाचायच्या आधी त्याची नजर खाली गेली होती, बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती, चिंधी ओलीचिंब होती, त्यानं तिला बोटही लावलं होतं. बोट ओलं झालं होतं. बोट घामानं ओलं झालं असं त्यानं स्वतःला सांगितलं, पाव सेकंदात, इतक्या सफाईनं की सांगणारा आणि ऐकणारा दोघांनाही पत्ता लागला नाही. चौऱ्याऐंशी खरा होता. साहेबाची, मेसची, हसण्याची भीती होती तीही खरी. पण तिच्या खाली आणखी एक होतं. त्याला लाँच जायला हवी होती. त्या सूर्याखालून भाऊ निघून जायला हवा होता, त्याच दिवशी, दहा वाजता, आणि त्यासाठी समुद्रानं शांत असणं आवश्यक होतं. म्हणून त्यानं समुद्राला शांत केलं. वहीत.

सुका शहाण्णव, ओला शहाऐंशी. आत साहेब हेडफोन लावून लिहीत होता. मस्कतच्या बाजूनं संदेश होता. अरबी समुद्रात वादळ, मधोमध उठलेलं, पश्चिमेला सरकत, ओमानच्या किनाऱ्याला उद्या लागेल. साहेबानं हेडफोन काढले, वही जवळ ओढली, पेन्सिल गुरुवारच्या सहाच्या ओळीवर नेऊन थांबवली. "काल सदुसष्ट. आज शहाऐंशी. मोठी उडी आहे, कमर." कमरुद्दीन उभा होता. "चिंधीचं काहीतरी झालं असेल, नाही का?" साहेब म्हणाला. कमरुद्दीन म्हणाला, "येस सर." सुकलेली चिंधी आकडा वाढवते. ती कधीही, कुठल्याही देशात, आकडा कमी करत नाही. हे साहेबानंच त्याला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, आणि आता साहेबाच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की शिकवलेलं त्याला आठवतं आहे. पेन्सिल उचलली गेली. "चिंधीच म्हणू या," साहेब म्हणाला. कंपनीचे बार्ज सगळे किनाऱ्यालगत बांधलेले होते. कुणाचं काही अडलं नव्हतं. "तुझं कुणी समुद्रावर नाही ना?" असं त्यानं सभ्यपणे विचारलं, आणि कागदपत्रं नसलेल्या लाँचनं, कागदपत्रं नसलेल्या भावाला, कंपनीच्या अंदाजाची चोरटी प्रत देऊन पाठवलेल्या माणसानं उत्तर दिलं, "नो सर."

शनिवारी उष्णता गेली. कशी गेली ते कुणी पाहिलं नाही. खोलीत कुणी मेल्यावर जसा एकदम गारवा जाणवतो तसं झालं. दुपारी सव्वाशे फुटांचे ढग डोंगरामागून मान काढून उभे राहिले. म्हणजे सव्वाशे फूट हे त्याचं नुसतंच म्हणणं, आकड्याशिवाय त्याला भिता येत नव्हतं. चारला पाऊस आला, मोठ्या, एकटे पडणाऱ्या थेंबांचा, आणि देराच्या गल्ल्यांत माणसं धावत बाहेर आली. अरबांची पोरं तोंडं वर करून नाचत होती. दुकानदार हसत होते, अनोळखी माणसं एकमेकांना मुबारक म्हणत होती. जहूर गंजीवर अंगणात उभा राहून ओरडला, "बी. एस्सी., बाहेर ये! घर आलं बघ चालत!" कमरुद्दीन दाराच्या चौकटीत उभा राहिला. यूनुस आता कुठं? हमदुल्लाची लाँच आठ नॉट. गुरुवार दहापासून शनिवार चार, चोपन्न तास. चोपन्न गुणिले आठ. उत्तर जे येत होतं ते नकाशावर ठेवलं की ते बरोबर वादळाच्या वाटेवर पडत होतं. मग त्यानं सहा नॉट धरले. मग इंजिन बिघडलं असं धरलं. मग इंजिन बिघडलेली लाँच वादळात कशी दिसते ते डोळ्यापुढे आलं आणि त्यानं घाईघाईनं इंजिन दुरुस्त केलं. पाऊस दारातून आत यायला लागला. दार लाव, झड आत येतेय. त्यानं दार लावलं. जहूर बाहेरून ठोठावत राहिला, "अरे मला तरी आत घे!"

रविवारी दुपारी हमदुल्लाची लाँच खाडीत आली.

बातमी खोलीवर पोचायच्या आत कमरुद्दीन धक्क्यावर होता. तो धावत आला असणार, कारण एका पायात चप्पल नव्हती. लाँच सगळी शाबूत, फक्त ओली. माणसं उतरत होती, एकेक गाठोडं, एकेक ट्रंक, आणि तो प्रत्येकाच्या खांद्यामागं बघत होता. शेवटी हमदुल्ला उतरला. त्यानं कमरुद्दीनचा दंड धरला आणि त्याला दोरांच्या वेटोळ्यावर बसवलं.

"आम्ही गेलोच नाय," तो म्हणाला. "होर्मुझच्या अलीकडं, खसबच्या आडोशाला नांगर टाकून बसलो, गुरुवारी रात्रीच. दोन दिवस."

"चाचा... तुम्हाला कसं..."

"तुझ्या तोंडावरनं." हमदुल्लानं बिडी काढली, ती भिजलेली होती, परत ठेवली. "अठरा दिवस ह्या देरात कुणाला झोप नव्हती. आणि तू आलास तो दुल्ह्यासारखा. म्हटलं, हवेत पाणी आलं. कोकणच्या माणसाला ह्या मुलखात मेमध्ये झोप लागली का दर्या बिघडला. कागदाचं काय घेऊन बसलास?"

"मग निघालात कशाला?"

"लाँचचा मालक धक्क्यावर उभा. तू चारचौघांत अडाणी म्हणतोस. निघालो. निघणं वेगळं आणि जाणं वेगळं, बाबा."

"यूनुस कुठाय?"

हमदुल्लानं खाडीकडे तोंड फिरवलं. पांढरा डोळा कमरुद्दीनच्या बाजूला होता. "तो ऐकंना," तो म्हणाला. "शुक्रवारी सकाळी खैरुद्दीनची लाँच पाणी भरायला आली खसबला. जवान नाखवा, दुसरीच खेप. तो पण विचारात पडलेला, जाऊ का नको. तुझ्या भावानं त्याला कागद वाचून दाखवला. इंग्रजी वाचायचा आणि मराठीत सांगायचा, मास्तरासारखा. म्हणाला, माझा भाय लिहितो हे, कंपनीत. साहेब त्याला विचारल्याशिवाय काय करत नाय." त्यानं खिशातली भिजलेली बिडी पुन्हा चाचपली. "मी म्हटलं, दे इकडं तो कागद, बिडी पेटवतो. देईना. खैरुद्दीनच्या लाँचवर चढताना मेणकापडात गुंडाळला आणि गंजीच्या आत ठेवला. भिजू नये म्हणून."

"इन्शाल्ला लागली असंल कुठंतरी," हमदुल्ला नंतर म्हणाला, आणि ते कमरुद्दीनकडे न बघता म्हणाला. तो अडाणी होता, पण खोटं लिहिण्याची त्याला सवय नव्हती.

संध्याकाळच्या सहाच्या नोंदीला कमरुद्दीन खोपटावर हजर होता. कुणी बोलावलं नव्हतं, पाळीही त्याची नव्हती. वाळूवर सगळीकडे पावसाची बारीक भोकं पडली होती आणि मैदानभर, कुठून आली कुणास ठाऊक, पोपटी रंगाची केसाएवढी पाती उगवली होती. त्यानं पेटी उघडली. सुका चौऱ्याऐंशी, ओला त्र्याऐंशी. दोन्ही पारे भावांसारखे शेजारी. त्यानं बाटली पाहिली, चिंधीला बोट लावलं, आकडा तीनदा वाचला आणि वहीत लिहिला. मग पानं मागं उलटली. वहीत खाडाखोड चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ ओढायची, वर बरोबर आकडा लिहायचा, आणि बाजूला सही. सदुसष्टवर त्यानं रेघ ओढली. वर चौऱ्याऐंशी लिहिलं. क. अ. मुकादम, अशी सही केली, पूर्ण, तारखेसह. साहेब पाठीमागं येऊन उभा राहिला होता. त्यानं ते पाहिलं, ओळीवर बोट ठेवलं, आणि काहीतरी विचारायला तोंड उघडलं. मग त्यानं रेडिओकडे पाहिलं आणि कमरुद्दीनच्या एका अनवाणी पायाकडे, आणि हेडफोन उचलून स्वतःच्या कानाला लावले. बराच वेळ तो काटा फिरवत राहिला. किनाऱ्यावरून येत होतं ते फक्त खरखरणं.

कमरुद्दीन बाहेर येऊन पेटीजवळ उभा राहिला. पुढची नोंद नऊला. तोवर इथंच थांबायचं त्यानं ठरवलं. खैरुद्दीनची लाँच कुठल्या तरी खाडीत शिरली असेल, माणसं किनाऱ्यावर बसून कपडे वाळवत असतील, यूनुस गंजीतून मेणकापड काढून उलगडत असेल, कोरडा कागद बाहेर येत असेल. हे चित्र त्यानं नीट धरून ठेवलं. वारा पूर्वेकडचा होता, ओला, गार, जाळ्यांच्या वासाचा. अठरा दिवसांचं घामोळं पाठीवरून उतरून गेलं होतं. कातडी मऊ पडली होती, हातापायांतला कडकपणा सुटत होता, आणि जबडा आपोआप उघडत होता हे त्याला उशिरा कळलं. तो जांभई देत होता. त्यानं तोंडावर हात दाबला. लगेच दुसरी आली. डोळ्यांत पाणी आलं ते जांभईचं. गनीची रिकामी खाट चार पावलांवर होती आणि त्याला तिच्याकडे बघायची भीती वाटत होती. बसलो तर झोपणार, हे त्याला माहीत होतं, एकसंध, जड, लाळ गळणारी झोप, घरच्यासारखी. अंगाला लाज नव्हती. पेटीचा खांब दोन्ही हातांनी घट्ट धरून, डोळे ताणून उघडे ठेवत, तो उभा राहिला.